फसवे बोंड : अंगठा चोखणे, चोखणी आणि दातांचे निमित्त

तान्ह्या मुलाचे रडे थांबविण्यासाठी त्याच्या तोंडात देण्यात येणाऱ्या रबरी बोंडाला डच भाषेत ‘फोपस्पेन’ म्हणतात. या समासाच्या पूर्वपदाचा अर्थ फसविणे आणि उत्तरपदाचा अर्थ स्तनाग्र. डॅनिश ‘नारेसूट’ व नॉर्वेजियन ‘नारेस्मोक’ या शब्दांतही पहिला अवयव फसवणुकीचाच आहे. रशियन भाषेने त्याच वस्तूला ‘पुस्तिश्का’, म्हणजे रिकामी, असे नाव दिले. इंग्लंडात ती ‘डमी’, खऱ्याच्या जागी ठेवलेली खोटी वस्तू. अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेल्यावर मात्र ती ‘पॅसिफायर’, शांत करणारी, झाली. या सर्वांच्या मानाने मराठीतील ‘चोखणी’ हा शब्द अगदीच निर्विकार आहे. लेखणी, गाळणी, फुंकणी यांच्याप्रमाणे धातूला ‘-णी’ हा साधनवाचक प्रत्यय लागून तो सिद्ध झाला आहे. वस्तूने काय करावयाचे एवढेच तो सांगतो. ते करणे योग्य की अयोग्य याविषयी तो मौन पाळतो.

नावांतील हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. मुलाने अंगठा चोखावा की नाही, त्याला चोखणी द्यावी की नाही, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेत जो वाद चालला, त्यात दातांचे नाव वारंवार घेतले गेले. परंतु त्या वादातील लेखन कालक्रमाने लावून पाहिले म्हणजे असे दिसते की, धाक आधी आला आणि दात मागाहून आले. शिस्त, नीती, रोगजंतू, गरीब आईची तथाकथित बेफिकिरी अशा निरनिराळ्या भयांना दातांचा आधार देण्यात आला. आणि या गर्दीत दातांचे प्रत्यक्षात काय होते, कधी होते आणि किती काळाने होते, हा साधा प्रश्न दीर्घकाळ नीटपणे विचारलाच गेला नाही. त्याची किंमत ज्यांचे हात बांधले गेले त्या मुलांनी दिली.

चोखणी ही वस्तू रबरापेक्षा पुष्कळच जुनी आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०६ साली रंगविलेले मेरी आणि बालयेशू यांचे एक चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात एक चिमुकला पक्षी बालकाच्या हातावर बसलेला असून दुसऱ्या हातात कापडाची गाठ मारून केलेली चोखणी आहे. धर्मचित्रात ती सहज येऊन बसावी, यावरून ती त्या काळी घरोघर असावी असा तर्क करण्यास हरकत नाही. फडक्याच्या तुकड्यात पावाचा चुरा, साखर किंवा मध बांधून ती मुलाच्या तोंडात देत. प्रसंगी ती मद्यात किंवा खसखशीच्या बोंडांच्या काढ्यात बुडवीत. म्हणजे ‘रिकामी’ हे विशेषण तिला प्रारंभी मुळीच लागू नव्हते.

येथे मराठीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘मधाचे बोट लावणे’ या वाक्प्रचारात तान्ह्याला बोटावरचा मध चोखावयास देण्याचा जो व्यवहार आहे, त्याचा लाक्षणिक अर्थ लालूच दाखवून वेळ मारून नेणे असा झाला. ‘फोपस्पेन’ या शब्दामागची कल्पना आणि ही कल्पना एकच. फरक इतकाच की, डच भाषेने ती वस्तूच्या नावात ठेवली आणि मराठीने राजकारणी व सावकार यांच्या वर्णनासाठी राखून ठेवली. खसखशीच्या काढ्यालाही इकडे जोड सापडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत कामास जाणाऱ्या अनेक स्त्रिया मुलाला अफू घातलेली बाळगोळी देऊन मगच पाळीवर जात. त्या काळच्या सरकारी चौकशांत या प्रथेची नोंद आहे. तान्ह्याला गप्प ठेवण्याची गरज ही पुष्कळदा आईच्या कामाच्या तासांनी निर्माण केलेली गरज असते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागेल. कारण उपदेश करणाऱ्यांनी ती क्वचितच लक्षात ठेवली.

चोखण्याकडे पाहण्याची अगदी वेगळी दृष्टी भारतीय पुराणकथांत आढळते. महाभारताच्या वनपर्वातील कथेप्रमाणे युवनाश्व राजाने चुकून मंत्रजल प्राशन केले व त्याच्या कुशीतून पुत्र जन्मला. या मुलाने आता काय चोखावे, असा प्रश्न देवांना पडला, तेव्हा इंद्राने ‘हा मला चोखील’ असे म्हणून आपली तर्जनी त्याच्या मुखात दिली. म्हणून त्याचे नाव मांधाता. ही व्युत्पत्ती अर्थातच लोकव्युत्पत्ती होय. ऋग्वेदात आढळणाऱ्या या नामाचा संबंध ‘मन्’ व ‘धा’ या धातूंशी जोडणे अधिक सयुक्तिक आहे. परंतु कथाकाराला चोखणे या अर्थाचा ‘धे’ धातू सुचला, ही गोष्ट महत्त्वाची. धेनु आणि धात्री हे शब्द त्याच धातूचे मानले जातात. तसेच भागवताच्या बाराव्या स्कंधात मार्कंडेयाला दिसलेला वटपत्रावरील बालक स्वतःच्या पायाचे बोट चोखीत असतो. इंद्राचे बोट फसवे नाही, त्याने मूल पोसले जाते; आणि बालमुकुंदाच्या चोखण्यात कोणाला दोष दिसत नाही. या कथांवरून येथील घरोघरच्या मुलांचे हात कोणी तोंडातून ओढले नाहीत असे अनुमान काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

युरोपात १८४५ या वर्षी एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी नाताळची भेट म्हणून रचलेले सचित्र पद्यांचे पुस्तक त्या वर्षी छापून निघाले. ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने ते पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यात कोनराड नावाच्या मुलाची गोष्ट आहे. आई बाहेर जाताना त्याला अंगठा न चोखण्याची ताकीद देते. ती जाताच तो चोखू लागतो. दार उघडून एक शिंपी भली मोठी कात्री घेऊन धावत येतो आणि त्याचे दोन्ही अंगठे छाटून टाकतो. रचनाकार स्वतः वैद्य असूनही या गोष्टीत दातांचा उल्लेखदेखील नाही. अंगठा चोखू नये, कारण आईने सांगितले आहे. यापलीकडे कारण देण्याची आवश्यकता होफमान यांना वाटली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एलायजा प्रॅट यांनी रबरी बोंडाचे पेटंट घेतले. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या योगे रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट त्याच्या आदल्या वर्षी मिळविले होते. बोंड, ओठांबाहेर राहणारी चकती आणि धरावयाची कडी अशा आजच्या रूपातील चोखणीचा आराखडा अमेरिकेत क्रिश्चन माइनेके यांच्या नावे १९०० साली नोंदला गेला. त्यांनी तिला ‘दिलासा देणारी’ अशा अर्थाचे नाव दिले होते.

दातांचा प्रश्न वैद्यकीय लेखनात ठळकपणे पुढे आला तो १८७८ साली. बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात टी. एच. चँडलर यांचा लेख प्रसिद्ध झाला. बालपणी अंगठा चोखणे हे पुढे दात वेडेवाकडे होण्याचे कारण आहे, हे प्रमेय त्यांनी लेखाच्या शीर्षकातच मांडले होते. हे निरीक्षण पुढे पुष्कळ अंशी खरे ठरले. परंतु पुढच्याच वर्षी बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ एस. लिंडनर यांचा विस्तृत जर्मन निबंध निघाला आणि चर्चेने वेगळे वळण घेतले. मुले बोटे, ओठ इत्यादी कशी चोखतात, त्या वेळी दुसऱ्या हाताने कान किंवा अंगाचा अन्य भाग कसा चाळवितात, याचे बारकाईने वर्णन करून त्यांनी या क्रियेतील तल्लीनतेवर भर दिला. सिग्मुंड फ्रॉइड यांनी १९०५ च्या आपल्या निबंधत्रयीत हेच वर्णन उचलले आणि चोखणे हे बाल्यातील लैंगिकतेचे आदिरूप म्हणून पुढे मांडले. फ्रॉइड यांचा हेतू मुलांना दोषी ठरविण्याचा नव्हता. परंतु ज्या पिढीला हस्तमैथुन हे वेड व क्षय यांचे मूळ वाटत होते, तिच्या कानी ‘अंगठा चोखणे’ आणि ‘लैंगिक’ हे शब्द एकत्र पडल्यावर काय होणार, हे सांगावयास नको. दातांची काळजी त्या जुन्या भीतीच्या हाताशी एक सभ्य कारण म्हणून आली.

चोखणीच्या बाबतीत भीतीचे रूप निराळे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात उन्हाळी अतिसाराने तान्ही मुले मोठ्या संख्येने दगावत. जमिनीवर पडलेली, माश्या बसलेली चोखणी पुसून पुन्हा मुलाच्या तोंडात देणारी कामगारवस्तीतील आई हे आरोग्याधिकाऱ्यांच्या लेखनातील एक ठरीव चित्र होऊन बसले. अस्वच्छ चोखणी धोक्याची हे खरेच. तथापि त्याच वस्त्यांतील पाणी, दूध व संडास यांच्या तुलनेने तिचा वाटा किती, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. आणि चोखणी काढून घेतल्यावर रडणाऱ्या मुलाचे त्या आईने करावे काय, हेही सांगितले नाही. चोखणीमुळे नाकामागील ग्रंथी वाढतात, जबडा बिघडतो, असेही त्याबरोबर सांगितले जाई. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली माता-बालकांच्या सेवेसाठी संस्था स्थापन करणारे ट्रुबी किंग हे चोखणीचे कट्टर विरोधक होते, व त्यांच्या शिस्तबद्ध संगोपनपद्धतीचा प्रभाव इंग्लंडवरही पडला.

या सर्व धाकाला शासकीय रूप आले ते अमेरिकेच्या बालविभागाने १९१४ मध्ये काढलेल्या शिशुसंगोपनाच्या पुस्तिकेत. श्रीमती वेस्ट यांनी लिहिलेल्या या पुस्तिकेत चोखणाऱ्या हातावर बाही ओढून ती टाचणीने टाचावी किंवा शिवून टाकावी, असा सल्ला आहे. बाजारात ॲल्युमिनियमचे पोकळ हातमोजे आले; कोपर वाकू न देणाऱ्या नळ्या आल्या; बोटांना लावण्याची कडू द्रव्ये आली. त्यांपैकी एक, कोरफडीपासून होणारा काळा बोळ, मराठी घरांना बाळंतिणीच्या औषधांतून परिचित आहे. मार्था वोल्फेनस्टाइन यांनी १९५३ साली या पुस्तिकेच्या एकामागून एक निघालेल्या आवृत्त्यांची तुलना प्रसिद्ध केली. १९१४ मधील मूल घातक प्रेरणांनी भरलेले आहे. १९४० नंतरचे मूल निरुपद्रवी आहे, ते आपले भोवताल चाचपून पाहत आहे. मधल्या पाव शतकात मुलांच्या जबड्यात बदल झाला नव्हता. बदलले ते मुलाविषयीचे मत.

या मतांतराला शास्त्रीय आधार देणाऱ्यांत डेव्हिड लेव्ही यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. स्तनपानात वा बाटलीत चोखण्याची भूक पुरी झाली नाही म्हणजे मूल बोटाकडे वळते, असे त्यांनी १९२८ साली प्रतिपादिले व पुढे कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून त्यास पुष्टी दिली. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ च्या अत्यंत लोकप्रिय पुस्तकाने हा विचार घराघरांत नेला. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अंगठा बळेच सोडविला तर मुलाच्या मनावर आघात होईल, दाबलेली प्रेरणा दुसऱ्या विकृतीच्या रूपाने बाहेर पडेल, असे मनोविश्लेषणवादी सांगू लागले. आणि टाळूला बसविण्याची तारेची जाळी हातात घेतलेला दंतवैद्य त्यांना होफमानच्या शिंप्यासारखा दिसू लागला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात हॅरयेट व त्यांचे सहकारी यांनी हा वाद तर्काने सोडविण्याऐवजी मुलांचे गट पाडून पाहिला. काहींना जाळी, काहींना मानसोपचार, काहींना काहीच नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत जाळी प्रभावी ठरली व भाकीत केलेल्या विकृती उद्भवल्याचे आढळले नाही. दोन्ही पक्षांनी इतकी वर्षे जे गृहीत धरले होते ते मोजून पाहता येण्यासारखे होते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

दातांचे प्रत्यक्षात काय होते ते आता पाहता येईल. चोखण्याची क्रिया जन्मापूर्वीच सुरू होते. पीटर हेपर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ध्वनितरंगांच्या साहाय्याने गर्भाशयातील अर्भकांचे निरीक्षण केले, तेव्हा ती बहुतांशी उजवा अंगठा चोखताना दिसली. तेव्हा जी क्रिया विकार म्हणून दंडिली गेली ती मुळात स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक म्हणून ती सर्वकाळ निरुपद्रवी राहते असेही नाही. अंगठा तोंडात असताना तो तरफेसारखे काम करतो. वरचे पुढचे दात ओठाकडे झुकतात, खालचे जिभेकडे कलतात, आणि मध्ये अडथळा असल्यामुळे दोहोंच्या पूर्ण उगवण्यास वाव राहत नाही. मागच्या दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. याहून कमी लक्षात येणारा परिणाम बाजूंना होतो. जीभ टाळूपासून खाली ढकलली जाते, तिचा आतून मिळणारा आधार नाहीसा होतो, आणि चोखताना आत ओढले जाणारे गाल वरच्या जबड्यावर बाहेरून दाब देत राहतात. जबडा अरुंद होऊन वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूस येऊन बसतात. जोराने परंतु थोडा वेळ चोखणाऱ्या मुलाचे दात बहुधा जागच्या जागी राहतात आणि हलकेच, पण रात्रभर चोखणाऱ्याचे सरकतात, याचे कारण विल्यम प्रॉफिट यांच्या १९७८ च्या विवेचनातून उलगडते. दातांवरील दाबाच्या बाबतीत त्याच्या जोरापेक्षा त्याचा अवधी निर्णायक असतो, व दात हलण्यास दिवसातून सुमारे ६ तासांचा दाब लागतो.

आयोवा विद्यापीठातील वॉरन व सहकाऱ्यांनी मुलांच्या सवयींची नोंद जन्मापासून ठेवून २००१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत हाच अवधी महिन्यांच्या मापाने दिसतो. ४८ महिन्यांनंतरही सवय टिकलेल्या मुलांत दोष सर्वाधिक. परंतु २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ती सुटलेल्यांतही काही दोष शिल्लक राहतात. चोखणीने विशेषतः दाढांची आडवी जुळणी बिघडते, तर बोटाने पुढचे दात अधिक बाहेर येतात. कायमचे पुढचे दात येण्यापूर्वी, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या आत, सवय सुटली तर पुढची फट पुष्कळदा आपोआप भरून येते. अरुंद झालेला जबडा तितक्या सहजी रुंदावत नाही. चोखणी ही हाताबाहेरची वस्तू असल्यामुळे ती दूर करता येते, आणि अंगठा मुलाबरोबरच राहतो. म्हणून चोखणीची सवय सामान्यतः अंगठ्याच्या आधी सुटते. १९१४ च्या उपदेशकाला यांपैकी काहीही ठाऊक नव्हते. ज्या तान्ह्याला अद्याप दातच आलेले नाहीत त्याची बाही तो शिवावयास सांगत होता.

दातांची सर्वांत निःसंशय हानी जिने केली, ती चोखणी रिकामी नव्हती. ब्रिटनमध्ये सरबत भरून ठेवण्याची पोकळी असलेल्या चोखण्या मिळत, व साध्या चोखणीला मध वा गोड पाक लावण्याची रीत होतीच. लंडनचे बालदंतवैद्य जी. बी. विंटर व सहकाऱ्यांनी १९६६ साली दाखवून दिले की, दुधाचे पुढचे दात उगवताच झपाट्याने किडण्यामागे ही गोड चोखणी हे एक प्रमुख कारण होते. ड्यूररच्या काळातील फडक्याची गाठ येथे नव्या रूपात परतलेली दिसते. मधाच्या बाबतीत पुढे आणखी एक धोका उघडकीस आला. १९७६ मध्ये तान्ह्या मुलांना होणारा बॉट्युलिझम हा विषबाधेचा रोग ओळखला गेला व त्यानंतर वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये असा सल्ला रूढ झाला.

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारा एक प्रयोग व्हँकूव्हर येथे झाला. ॲलिसन ब्रूडरर, जॅनेट वर्कर प्रभृतींनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषक घरांतील सहा महिन्यांच्या मुलांना हिंदीतील दंत्य ‘द’ व मूर्धन्य ‘ड’ यांतील भेद ऐकून कळतो, ही गोष्ट आधीच ज्ञात होती. परंतु जिभेचे टोक हलू न देणारे एक चपटे चावणे तोंडात असताना त्याच वयाच्या मुलांना तो भेद कळेनासा झाला. जीभ मोकळी ठेवणारे दुसरे चावणे दिले असता कळला. हा परिणाम वस्तू तोंडात असेपर्यंतचा आहे. त्यावरून चोखणीने भाषा बिघडते असे म्हणता येणार नाही. ज्या मुलाने अद्याप ‘द’ही उच्चारलेला नाही, त्याच्या ऐकण्यातही जीभ सहभागी असते, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि तेही थोडे नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वादाचे केंद्र दातांकडून स्तनपानाकडे सरकले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी घालून दिलेल्या दहा सूत्रांपैकी नववे सूत्र, अंगावर पिणाऱ्या मुलास कृत्रिम बोंडे वा चोखण्या देऊ नयेत, असे होते. भारतात १९९२ च्या कायद्याने पर्यायी दूध व दूधबाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी घातली. बाटलीला जोडलेले किंवा जोडता येण्याजोगे बोंड त्यातील व्याख्येत येते. बाटलीशी संबंध नसलेली चोखणी त्या शब्दांत बसत नाही. उलट अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००५ मध्ये, झोपेत होणारे तान्ह्यांचे आकस्मिक मृत्यू टाळण्याच्या दृष्टीने, निजविताना चोखणी देण्याचा विचार करावा अशी शिफारस केली. स्तनपानाचा निश्चय असलेल्या मातांच्या मुलांना चोखणी दिल्याने पहिल्या चार महिन्यांत स्तनपान घटत नाही, असा निष्कर्ष २०११ च्या एका साकल्याने केलेल्या परीक्षणातून निघाला. २०१८ साली दहा सूत्रांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. नवव्या सूत्रात बाटल्या, बोंडे व चोखण्या कायम आहेत, क्रियापद मात्र बदलले आहे. ‘देऊ नये’ या निषेधाच्या जागी, त्यांचा वापर व त्यांतील धोके यांविषयी मातांशी विचारविनिमय करावा, असे शब्द आले आहेत.